दिवा मंद, सेल्फ बंद: गाडीतला विजेचा बिघाड कसा शोधायचा?

आज आपण आपल्या दुचाकीतल्या विजेबद्दल बोलणार आहोत. टायर पंक्चर झाला तर डोळ्यांना दिसतो. पेट्रोल संपत आलं तर काटा सांगतो. वीज मात्र दिसत नाही, त्यामुळे तिचा बिघाड झाला की आपण गाडी ढकलत गॅरेजपर्यंत नेतो आणि तिथं जे सांगतील तेवढे पैसे मोजून येतो.

आपल्या गटांतल्या कितीतरी जणी आता स्कूटी चालवतात. कुणी मसाल्याची पाकिटं घेऊन आठवडी बाजाराला जाते, कुणी डेअरीवर दूध घालते, कुणी गटाचा हप्ता भरायला तालुक्याच्या बँकेत जाते. गाडी अशी कामाला लागली की तिच्यावर एकेक वस्तू चढत जाते. मोबाईल चार्ज करायला सॉकेट, अंधाऱ्या रस्त्यासाठी जादा दिवे, ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरला ऐकू जावा म्हणून मोठा हॉर्न. या वस्तू गरजेच्या आहेत, त्या लावू नका असं आम्ही म्हणणार नाही. पण आमच्या पाहण्यातले बरेचसे बिघाड या जादा जोडण्यांपासूनच सुरू झालेले होते.

म्हणून आज एकच गोष्ट पक्की करायची. वीज बॅटरीतून निघते, काम करते आणि बॅटरीकडे परत येते. बिघाड म्हणजे या वाटेत कुठंतरी आलेला अडथळा. तो शोधायचा असेल तर वाट क्रमानं तपासायची. अंदाजानं पार्ट बदलत बसायचं नाही.

वीज येते कुठून आणि जाते कुठं

घरच्या पाण्याची व्यवस्था डोळ्यांसमोर आणा. विहिरीवरची मोटर पाणी चढवते, ते टाकीत साठतं, आणि नळ सोडला की टाकीतून येतं. गाडीतली बॅटरी म्हणजे ती टाकी. इंजिनाला जोडलेली मॅग्नेट कॉईल म्हणजे मोटर. इंजिन फिरत असतं तोवर कॉईल वीज तयार करते आणि बॅटरी भरत राहते. मध्ये एक छोटी डबी असते, तिला मेकॅनिक आर.आर. युनिट म्हणतात. कॉईलमधून येणारी वीज बॅटरीला चालेल अशी करायची आणि ती प्रमाणाबाहेर जाऊ द्यायची नाही, हे तिचं काम.

गाडीची वीज १२ व्होल्टची असते. घरच्या २३० व्होल्टसारखा तिचा शॉक बसत नाही, म्हणून ती हाताळायला भीती नको. पण धोका दुसरा आहे. बॅटरीचा प्लस आणि गाडीचा लोखंडी सांगाडा यांच्यामध्ये पाना किंवा उघडी तार आली तर क्षणात ठिणगी पडते, तार लाल होते. आणि शेजारीच पेट्रोलची टाकी असते.

परत येण्याची वाट पुष्कळ जणींना माहीत नसते. बॅटरीच्या मायनसची जाड तार गाडीच्या सांगाड्याला बोल्टनं घट्ट बसवलेली असते. दिवा, हॉर्न, सेल्फची मोटर यांची वीज बहुतेक याच सांगाड्यातून किंवा त्याला जोडलेल्या तारेतून परत येते. मेकॅनिक याला अर्थ म्हणतात. तो बोल्ट सैल झाला किंवा गंजला, तर बॅटरी नवीकोरी असली तरी सेल्फ नुसता टक् टक् करतो.

आणि या वाटेवरचा पहारेकरी म्हणजे फ्यूज. ठरलेल्यापेक्षा जास्त वीज जायला लागली की तो स्वतः जळतो आणि वाट तोडतो. त्याच्या जळण्यामुळे मागची तार वाचते.

आधी हिशोब, मग जोडणी

गटाच्या वहीत जमा आणि खर्च लिहितो तसाच हा हिशोब आहे. वस्तूवर वॅट लिहिलेले असतात. वॅटला १२ नं भागलं की अँपिअर मिळतात, म्हणजे ती वस्तू किती वीज ओढते ते कळतं.

जुन्या पद्धतीचा पुढचा बल्ब साधारण ३५ वॅटचा असतो, म्हणजे जवळजवळ ३ अँपिअर. इंडिकेटरचा बल्ब १० वॅटचा. मागचा ब्रेकचा बल्ब २१ वॅटचा. एलईडी दिवे असतील तर खर्च बराच कमी. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिन चालू असेपर्यंत आपोआप जळत राहतो, म्हणजे हा खर्च दिवसाही चालूच असतो. स्कूटी आणि लहान मोटारसायकलींची बॅटरी बहुधा ३ ते ५ अँपिअर-अवरची असते. बॅटरीवर ते छापलेलं असतं.

आता समजा आपण २० वॅटचे दोन जादा दिवे लावले. झाले ४० वॅट, म्हणजे साधारण ३.३ अँपिअर. बॅटरी ४ अँपिअर-अवरची आहे. इंजिन बंद करून या दिव्यांच्या उजेडात शेतात मोटर बघत बसलो, तर कागदावरच्या हिशोबानं ती सव्वा तासाच्या आत रिकामी होईल. प्रत्यक्षात त्याच्या कितीतरी आधी सेल्फ मारायचा बंद होईल, कारण सेल्फच्या मोटरला एकदम खूप वीज लागते.

हाच हिशोब डोंगरातल्या थंडीत कसा लागू पडतो ते ऐका. पुण्या-मुंबईचे कितीतरी तरुण, त्यात मुलीही आल्या, मोटारसायकलवर लडाखला जातात. तिथली खारदुंग ला खिंड साडेसतरा हजार फुटांच्या वर आहे. तिथल्या वाऱ्यात बोटं बधिर होतात, ब्रेक दाबता येत नाही. म्हणून काही जण विजेवर तापणारं जाकीट आणि हातमोजे घालतात. कापडाच्या अस्तरात बारीक तारा असतात आणि त्यांना वीज मोटारसायकलच्या बॅटरीतून येते. असं जाकीट साधारण ७० ते ९० वॅट ओढतं आणि हातमोज्यांची जोडी २५ ते ३० वॅट. मिळून शंभरेक वॅट, म्हणजे ८ अँपिअरच्या वर! आपल्या स्कूटीच्या तीन पुढच्या दिव्यांएवढा भार अंगावर घालून बसायचं. लहान गाडीच्या कॉईलला हे झेपत नाही. मोठ्या गाडीला झेपतं, पण तीसुद्धा सावकाश चालत असेल तर कॉईलमधून वीज कमी येते आणि फरक बॅटरीतून जातो. घाटात तासभर रहदारीत अडकलं की गाडी बंद केल्यावर सेल्फ लागत नाही. दोष जाकिटाचाही नसतो, बॅटरीचाही नसतो. जमेपेक्षा खर्च जास्त झालेला असतो.

त्या जाकिटांच्या तक्रारीही आपल्या ओळखीच्याच असतात. तापतं, मध्येच थंड पडतं, हललं की पुन्हा तापतं. म्हणजे तार आतून तुटली आहे. गाडीवरून उतरताना जाकिटाची तार ओढली जाते, प्लगजवळ पुन्हा पुन्हा वाकते, आणि बाहेरचं प्लॅस्टिक शाबूत राहून आतलं तांबं तुटतं. आपल्याकडे हेच हँडलच्या मानेजवळ होतं. हँडल डावीकडे वळवलं की दिवा जातो, सरळ केलं की येतो. कारण तेच. तार रोज वाकते तिथंच तुटते.

जादा जोडणी कशी असावी

मेकॅनिककडून काही बसवून घेताना पाच गोष्टी विचारा. आपण स्वतः जोडणार नसलो तरी विचारायचा हक्क आपलाच आहे.

पहिली गोष्ट, वीज कुठून घेतली? मोबाईलच्या सॉकेटसारखी छोटी वस्तू चावीच्या करंटवर असावी, म्हणजे चावी काढली की तिचा पुरवठा बंद. मोठे दिवे आणि मोठा हॉर्न यांना वीज थेट बॅटरीतून, पण रिले लावून घ्यावी. रिले म्हणजे शेतातल्या मोटरच्या स्टार्टरसारखं असतं. बटण नाजूक, त्यातून थोडीच वीज जाते. खरा भार दुसऱ्या जाड वाटेनं जातो. रिले नसेल तर हँडलवरचं बटण आतून जळतं.

दुसरी, त्या वस्तूला स्वतंत्र फ्यूज आहे का? तो बॅटरीच्या प्लसजवळच हवा. दूर लावला तर बॅटरीपासून फ्यूजपर्यंतची तार उघड्यावर पडली. ४० वॅटच्या दिव्यांना ५ अँपिअरचा फ्यूज पुरतो.

तिसरी, तार कशी वापरली? सजावटीच्या माळेची बारीक तार चालत नाही. तांब्याची, निदान १ चौरस मिलिमीटरची मागा. बारीक तार गरम होते आणि दिव्यापर्यंत वीज पूर्ण पोहोचत नाही.

चौथी, जोड कसा केला? मूळ तार सोलून तिच्यावर दुसरी पिळून वर चिकटपट्टी गुंडाळली, तर पहिल्या पावसात पाणी आत जातं. जोड कपलरनं किंवा नीट दाबून केलेला, वरून नळी चढवलेला असावा. वॉरंटीच्या काळात मूळ तार कापली तर कंपनी पुढं वॉरंटी नाकारू शकते, हेही ध्यानात असू द्या.

पाचवी, तार गेली कुठून? सायलेन्सरला टेकलेली, सीटच्या कडेखाली चेपलेली, हँडलच्या मानेत ताणलेली तार आज ना उद्या दगा देते.

शोधायच्या सहा पायऱ्या

आता गाडी बिघडली आहे असं धरून चालू. क्रम सोडायचा नाही.

पायरी पहिली. काय काय बंद आहे ते बघा. चावी लावा, हॉर्न वाजवा, इंडिकेटर लावा, ब्रेक दाबा. सगळंच मेलेलं असेल तर दोष सगळ्यांच्या सामाईक वाटेवर आहे, म्हणजे बॅटरी, मुख्य फ्यूज किंवा अर्थ. एकच वस्तू बंद असेल तर दोष तिच्याच वाटेवर आहे. मग बॅटरीकडे बघायचं कारणच नाही.

सेल्फच्या बाबतीत आधी साध्या गोष्टी बघा. इंजिन बंद करायचं लाल बटण चुकून दाबलं गेलंय का? साईड स्टँड खाली आहे का? नव्या बऱ्याच गाड्या स्टँड खाली असेल तर सुरूच होत नाहीत. स्कूटीला ब्रेक दाबल्याशिवाय सेल्फ लागत नाही. ब्रेक दाबूनही मागचा लाल दिवा लागत नसेल, तर बल्ब ठीक आहे का ते आधी बघा. बल्ब ठीक असेल तर ब्रेकचा छोटा स्विच खराब झालेला असू शकतो आणि सेल्फ त्यामुळेच अडलेला असतो. दुसरा ब्रेक दाबून बघा.

पायरी दुसरी, फ्यूज. तो सीटखाली, पुढच्या झाकणाआड किंवा बाजूच्या कव्हरखाली असतो. गाडीच्या माहितीपुस्तिकेत जागा दिलेली असते. चावी काढा, फ्यूज उपसा, उजेडात धरा. आतली पट्टी तुटलेली दिसली तर फ्यूज गेला. तेवढ्याच आकड्याचा नवा लावा. बहुतेक डब्यांत एक जादा फ्यूज ठेवलेला असतो.

नवा लावल्यावर तोही लगेच गेला तर थांबा. तिसरा लावू नका. याचा अर्थ कुठंतरी तार सोलून सांगाड्याला टेकली आहे.

पायरी तिसरी, बॅटरीचे स्क्रू आणि अर्थ. बॅटरीच्या दोन्ही टोकांवरची तार हातानं हलवून बघा. हलली तर स्क्रू घट्ट करा. पांढरी किंवा हिरवट पूड जमली असेल तर तार सोडवून, खाण्याच्या सोड्याचं पाणी जुन्या ब्रशनं लावून पुसून काढा, कोरडं करा, परत घट्ट बसवा आणि वरून थोडं व्हॅसलीन लावा. ती पूड आम्लाची असते, हातमोजे घाला, डोळ्यांजवळ हात नेऊ नका.

इथं एक नियम पाठ करा. सोडवताना आधी मायनस, मग प्लस. जोडताना आधी प्लस, मग मायनस. मायनस आधी सोडवला की सांगाड्याची वाट तुटते. मग प्लसवरचा पाना चुकून लोखंडाला लागला तरी ठिणगी पडत नाही.

पायरी चौथी, मीटर. दोन-तीनशे रुपयांत साधा मीटर मिळतो. एका गटानं एक घेतला तरी पुरतो. त्याची चकती डीसी व्होल्टच्या २० वर ठेवा. लाल टोक प्लसला, काळं मायनसला. अँपिअरच्या खुणेवर ठेवून मीटर बॅटरीला कधीही लावू नका.

गाडी काही तास बंद असताना १२.६ च्या आसपास आकडा आला तर बॅटरी भरलेली आहे. १२ च्या खाली आला तर ती उतरली आहे. आता मीटर तसाच ठेवून सेल्फ मारा. आकडा थोडा पडणारच, पण ९.५ च्याही खाली कोसळला तर बॅटरीत दम राहिलेला नाही, किंवा ती पुरती भरलेली नाही. गाडी सुरू झाल्यावर थोडा ॲक्सिलेटर द्या. आकडा १३.५ ते १४.५ च्या दरम्यान जायला हवा. गेला तर बॅटरी भरली जाते आहे. बंद गाडीला होता तेवढाच राहिला तर बॅटरी भरतच नाही. दोष कॉईलमध्ये, आर.आर. युनिटमध्ये किंवा त्यांच्या तारांमध्ये. १५ च्या वर गेला तर युनिट बिघडलं आहे, ते बॅटरीही घालवेल आणि बल्बही.

अर्थ तपासायचीही युक्ती आहे. मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसला आणि दुसरं इंजिनाच्या उघड्या धातूला लावा. दुसरीला सेल्फ मारायला सांगा. आकडा शून्याच्या जवळ राहायला हवा. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर परतीची वाट खराब आहे. बोल्ट काढून गंज घासा आणि घट्ट बसवा. खर्च शून्य!

पायरी पाचवी. जादा बसवलेल्या सगळ्या वस्तूंचे फ्यूज काढून ठेवा आणि गाडी परत बघा. बिघाड गेला तर मूळ गाडी ठीक आहे, दोष जोडणीत आहे. मग एकेक वस्तू परत लावत जा. जिच्यामुळे बिघाड परत येईल, ती गुन्हेगार.

पायरी सहावी, वाट चालणं. इंडिकेटरचा एक बल्ब होल्डरसकट घ्या, त्याला दोन तारा जोडा. झाला आपला तपास दिवा. त्याची एक तार सांगाड्याच्या उघड्या धातूला लावा आणि दुसरी आधी बॅटरीच्या प्लसला. दिवा लागला म्हणजे दिवा ठीक. मग दुसरी तार क्रमानं फ्यूजच्या अलीकडे, फ्यूजच्या पलीकडे, बटणाच्या अलीकडे, पलीकडे आणि शेवटी वस्तूपाशी लावत जा. जिथं दिवा लागायचा थांबला, त्याच्या आणि आधीच्या ठिकाणाच्या मध्ये बिघाड आहे. मात्र हा दिवा फक्त दिवे, हॉर्न आणि सॉकेट यांच्या तारांना लावा. नव्या गाड्यांत पेट्रोलचा पुरवठा सांभाळणारी इलेक्ट्रॉनिक पेटी असते, तिच्या कपलरमध्ये काहीही खुपसू नका.

सकाळी सकाळी बॅटरी उतरलेली

ही तक्रार सगळ्यात जास्त ऐकू येते, म्हणून जरा सविस्तर सांगतो. एका गटातल्या ताईंची गाडी दोन-चार दिवस उभी राहिली की सेल्फ घेत नसे. एका गॅरेजमध्ये त्यांना सांगितलं, "ताई, बॅटरी गेली." नवी बसवली. खुरपणीच्या दिवसांत गाडी आठवडाभर दारात उभी राहिली आणि पुन्हा तेच. पुन्हा उत्तर तेच, "बॅटरी गेली." दोन बॅटऱ्यांचे मिळून अडीच-तीन हजार रुपये गेले. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

दोष होता मोबाईलच्या सॉकेटचा. ते थेट बॅटरीवर जोडलेलं होतं आणि त्यावर व्होल्ट दाखवणारा छोटा लाल आकडा दिवसरात्र चमकत होता. समजा असं सॉकेट अँपिअरचा फक्त पन्नासावा भाग ओढतं. २४ तासांत ते होतं जवळजवळ अर्धा अँपिअर-अवर. ४ अँपिअर-अवरची बॅटरी यानं आठ दिवसांत रिकामी होते. गळका नळ थेंब थेंब करून टाकी उपसतो, तसंच हे. सॉकेट चावीच्या करंटवर घेतलं आणि तक्रार संपली.

मीटर नसला तरी हे तपासता येतं. रात्री गाडी लावताना जादा जोडणीचा फ्यूज काढून ठेवा. एरवी सकाळी रुसणारी गाडी तीन-चार सकाळी लागोपाठ सुरू झाली, तर चोर सापडला.

आणखी एक कारण आहे, गाडीचा फारच थोडा वापर. रोज दोनदा सेल्फ मारून फक्त घर ते शाळा एवढाच फेरा असेल तर बॅटरी भरायला वेळच मिळत नाही. आठवड्यातून एकदा तरी अर्धा-पाऊण तास गाडी सलग चालवा. ज्यांच्या गाडीला किक आहे त्यांनी सकाळचा पहिला स्टार्ट किकनं करावा. पण १ एप्रिल २०२० नंतर आलेल्या बऱ्याच गाड्यांत पेट्रोलचा पंप विजेवर चालतो. त्यांची बॅटरी पूर्ण मेली तर किक मारूनही उपयोग होत नाही. म्हणून बॅटरी मंदावल्याची चिन्हं दिसली, हॉर्न घोगरा झाला, सेल्फ जड झाला, तर त्याच आठवड्यात बघा.

पावसाळ्यात आणि पिकं घरात येण्याच्या दिवसांत उंदरांवरही नजर ठेवा. धान्याच्या पोत्यांशेजारी उभ्या केलेल्या गाडीची वायरिंग ते हमखास कुरतडतात. काल ठीक असलेली गाडी आज पूर्ण मेली आणि सीटखाली प्लॅस्टिकचा भुसा दिसला, तर चावी न लावता आधी तारा बघा.

हे कधीही करायचं नाही

फ्यूज जळला म्हणून त्याच्या जागी तार, पिन किंवा सिगारेटच्या पाकिटातली चंदेरी बसवायची नाही. १० च्या जागी २० चाही लावायचा नाही. पहारेकऱ्याला हाकलून दार उघडं ठेवल्यासारखं ते होईल. फ्यूजऐवजी मग तार जळेल, आणि ती पेट्रोलच्या टाकीखालून जाते. जळका वास आला, धूर दिसला तर चावी बंद करा, गाडीपासून लांब व्हा, मुलांना लांब करा.

बॅटरीजवळ काडी ओढायची नाही, भरताना तिच्यातून पेट घेणारा वायू निघतो. पाण्याची बॅटरी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर, तेही खुणेपर्यंत. सीलबंद बॅटरी उघडायची नाही. धुताना पाण्याचा जोरदार फवारा दिव्यांच्या मागं, बटणांवर आणि कपलरवर मारायचा नाही.

आणि विजेवर चालणारी स्कूटर असेल तर तिची मोठी बॅटरी आणि जाड तारा यांना हात लावायचा नाही. तिथला दाब १२ व्होल्टपेक्षा बराच जास्त असतो. आज सांगितलेल्या पायऱ्या पेट्रोलच्या गाडीसाठी आहेत.

गॅरेजमध्ये गेल्यावर

सगळं आपल्याच हातानं करायचं असं नाही. कॉईल, आर.आर. युनिट, आतली वायरिंग ही मेकॅनिकचीच कामं. पण जाताना "गाडी चालत नाही" एवढंच सांगू नका. "बंद गाडीला मीटर १२.५ दाखवतो, चालू गाडीलाही तेवढाच राहतो, फ्यूज ठीक आहे," असं सांगा. चांगल्या मेकॅनिकला त्यानं मदतच होते. आणि कुणी लगेच बॅटरी बदलायला निघालं, तर शांतपणे म्हणा, "दादा, आधी मीटर लावून दाखवा." आकडा बघा, मग ठरवा. बदललेला जुना पार्ट मागून घ्या आणि पावती घ्या. बॅटरीच्या वॉरंटीला ती लागते.

पुढच्या मासिक बैठकीत हिशोब झाल्यावर अर्धा तास काढा. गटातली एक गाडी अंगणात उभी करा आणि प्रत्येकीनं तीन गोष्टी स्वतःच्या हातानं करून बघा. फ्यूजची डबी शोधायची, बॅटरीचे स्क्रू तपासायचे, मीटरवरचा आकडा वाचायचा. सीटखालच्या खणात ठेवायला एका डबीत दोन फ्यूज, एक छोटा पाना, चिकटपट्टी आणि तपास दिवा भरून घ्या. बँकेतून उशिरा परतताना गाडी माळावर बंद पडली, तर ती डबी आणि या सहा पायऱ्या आपल्या सोबतीला असतील.

बैठकीत काय सापडलं ते आम्हाला नक्की कळवा. तुमचे प्रश्न पुढच्या भागात घेऊ. तोवर रामराम मैत्रिणींनो.